भेंडीच्या पानांची कपाशी

कपाशीला भेंडीची पानं फुटली असं मी पारावर सांगितलं तेव्हा लोक हसले. मग दोघं-तिघं गाडी काढून वावरात आले आणि गप्प झाले. बांधाला लागून असलेल्या बारा-पंधरा ओळी तर अशा, की अनोळखी माणूस भेंडीच म्हणाला असता. पान अरुंद, बोटांसारखं चिरलेलं, शिरा एकीला एक समांतर, शेंडा सुतळीसारखा पिळलेला. ही गोष्ट २०२४ च्या खरिपाची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ठिबकवर लावलेली कपाशी, चाळीस-बेचाळीस दिवसांची, नुकती पाती धरू लागलेली. अमळनेर आणि धुळ्याच्या मधल्या आमच्या पट्ट्यात त्या वर्षी तिच्या तोडीची कपाशी नव्हती. हे मी म्हणत नाही, गावच म्हणत होतं.

पहिले आठ दिवस मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, हे कबूल करतो. बियाणं बोगस निघालं असं वाटलं. पाकिटं जपून ठेवलेली होती, ती काढली, लॉट नंबर लिहून घेतला, तक्रारीचा अर्जही खरडला. मग झाड उपटून कृषी केंद्रावर नेलं. दुकानदाराने झाड हातातही घेतलं नाही. लांबूनच म्हणाला, "कोकडा आहे, भाऊ. व्हायरस. थ्रिप्समुळे येतो." एक कीटकनाशक दिलं, वर एक टॉनिक दिलं. दोन हजार तीनशेला पडलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "आपल्यात बिल कशाला?" ते सगळं मी कपाशीवर मारलं. कपाशीला थ्रिप्स नव्हतेच.

खरं काय ते पुतण्याने सांगितलं. तो धुळ्याला कृषी महाविद्यालयात शिकतो. मोबाईलवर फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. "काका, खालची पानं कशी आहेत?"

खालची पानं मी बघितलीच नव्हती. शेंडाच इतका भयानक दिसत होता की खाली वाकायचं सुचलं नाही. वाकलो तर खालची पानं तळहाताएवढी, हिरवीगार, काही झालंच नाही अशी. बिघाड फक्त वरच्या पाच-सहा पानांत. पुतण्या म्हणाला, "मुख्य खोडावर साधारण तीन दिवसांना एक पान येतं. वेडं पान पहिलं कुठे आलं तिथून वर मोजा." मी बांधावर बसून बोटांवर मोजलं. पंधरा-अठरा दिवस मागे गेलो, आणि डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला. दुपारचे साडेबारा, वारा असा की डोक्यावरचा रुमाल दोनदा उडाला, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचा सालदार पॉवर पंपाने मक्यावर फवारतोय. मी तेव्हा ठिबकच्या नळ्या बघत होतो. नाकाला वास आला होता. एक जळका, औषधी वास. मी त्याला हात केला होता, रामराम म्हणून.

मग उठलो आणि पश्चिमेच्या बांधापासून आत चालत गेलो. बांधाची ओळ सगळ्यात वाईट. दहाव्या ओळीत जरा बरी. चाळिसाव्या ओळीत पान नुसतं सुरकुतलेलं. पूर्वेच्या टोकाला कपाशी धडधाकट. एवढं सगळं वावरात लिहून ठेवलेलं होतं आणि मी दुकानात विचारायला गेलो होतो.

शेजारी म्हणजे परका नव्हे. विहीर आमची सामाईक, आजोबांच्या वेळेपासून पाळीने पाणी घेतो. बांधाचं जुनं प्रकरण आहे, ते इथे काढत नाही. मी नीटच बोलायला गेलो होतो. म्हटलं, "आप्पा, मक्यावर काय मारलं होतं?" तर म्हणे गवताचं औषध. कोणतं, तर दुकानदाराने दिलं ते. बाटली बघू, तर बाटली नाल्यात. नाल्यातून बाटली मी स्वतः काढून आणली. टू-फोर-डी, इथाईल इस्टर, अडतीस टक्के. दुकानही तेच, ज्याने मला टॉनिक विकलं! एकाच गल्ल्यावर आधी त्याला रोग विकला आणि पंधरा दिवसांनी मला औषध.

बाटली समोर ठेवली तेव्हा आप्पा काय म्हणाला? "वारा काय मन्हा बापना शे का?"

हे वाक्य मी दोन वर्षं झाली तरी विसरलो नाही. वारा तुझ्या बापाचा नाही, आप्पा, पण नोझल तुझं होतं, वेळ तू निवडलीस आणि हँडल तुझ्या माणसाच्या हातात होतं. आषाढातला आमचा वारा सांगायला हवामान खातं लागत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे ते काय शोभेला? कंपन्यांनी वारा मोजून तिथे पैसा लावला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कुठून येतो आणि कुठे जातो हे आप्पाला ठाऊक आहे, कारण दोन महिने आधी उफणायला तो त्याच वाऱ्याची वाट बघत होता.

चारचौघांत त्याने उलटी बाजूही मांडली: माझाच पंप खराब असेल, मीच हिवाळ्यात गव्हावर तेच औषध मारलं होतं. मारलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पंपात औषध राहिलं असतं तर नुकसान फवारणी जिथून सुरू केली तिथे जास्त, पुढे कमी, आणि पंप जसा फिरला तशा पट्ट्यांत दिसतं. त्याला बांधाशी, वाऱ्याच्या दिशेशी काही देणंघेणं नसतं. माझ्याकडे बांधापासून आत उतरत जाणारी पायरी होती. आणि मी फवारणी पूर्वेकडून सुरू करतो, सगळ्या गावाला माहीत आहे. हे मी पंचांना वावरात उभं करून दाखवलं. ते मान हलवत राहिले. निकाल काही दिला नाही, चहा मात्र दोन्हीकडे घेतला.

आता हे औषध असं का वागतं ते. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं. मका, ज्वारी, गहू, ऊस ही गवताच्या जातीची पिकं तगतात. झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करतं, झाड वेड्यासारखं वाढतं आणि पिळून मरतं. कपाशी रुंद पानाची, आणि या औषधापुढे सगळ्यात हळवी. शिफारशीच्या शंभराव्या हिश्शानेही तिचं पान बिघडतं. मिरची, टोमॅटो, वांगी, द्राक्ष, पपई यांचंही तेच, म्हणजे शिरपूर-शहाद्याकडच्या पपईवाल्यांनीही कान टवकारावेत. त्यात इस्टर प्रकार सगळ्यात वाईट. फवारताना थेंब उडतो तो वेगळा. पानावर, मातीवर पडल्यावरही उन्हात त्याची वाफ होते आणि ती वाफ चालत जाते. सोडियम सॉल्ट आणि अमाईन सॉल्ट त्या मानाने कमी उडतात. शेजारी कपाशी असेल तर इस्टर आणूच नका. दुकानदार 'एकच आहे' म्हणेल. एक नाही.

बाटलीवरच्या त्रिकोणाच्या रंगावरही जाऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा त्रिकोण औषध माणसाच्या पोटात किंवा अंगावर गेलं तर किती विषारी ते सांगतो. शेजाऱ्याच्या पिकाबद्दल आणि विहिरीबद्दल तो मुका आहे.

विहिरीचं तर मला त्याच हंगामात आधीच कळायला हवं होतं. जूनअखेर मका पेरल्यावर आप्पाने अट्राझिन हे तणनाशक मारलं. दोनशे लिटरचा ड्रम विहिरीवर मांडला, पुडी आधी टाकली, पाईप ड्रमात तळाशी बुडवला, मोटर चालू केली आणि तंबाखू मळत बसला. ड्रम अर्धा झाला आणि लाईट गेली. मोटर बंद पडली की पाईपातलं पाणी उलटं खाली जातं आणि जाताना ड्रमातलं पाणी ओढून नेतं. झडप बरी असेल तर थांबतं. आमच्या मोटरीची झडप कधीची गळकी. मी पोचेपर्यंत ड्रमातलं पांढरट पाणी वीतभर उतरलेलं. "एवढ्याशा पुडीनं काय व्हस?" म्हणाला. मी गप्प बसलो. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचंही कदाचित टळलं असतं.

एवढ्याशा पुडीने काय होतं त्याचा हिशेब मी नंतर मांडला. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, एका लिटरमध्ये अट्राझिन २ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालवून घेतं. पन्नास टक्क्यांच्या अर्ध्या किलोच्या पुडीत अडीचशे ग्रॅम अट्राझिन असतं. ते साडेबारा कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आमच्या वीस फूट रुंद विहिरीत वीस फूट पाणी धरलं तर पावणेदोन लाख लिटरच्या आसपास. तेवढ्याला जेमतेम पाऊण ग्रॅम पावडर, म्हणजे चिमूटच, पुरते. निंदणीच्या बाया त्याच विहिरीचं पाणी पितात. युरोपीय संघाने २००४ साली याच अट्राझिनला भूजलातल्या अंशांमुळे नकार दिला. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्राने सत्तावीस औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात अट्राझिनही होतं आणि टू-फोर-डीही. २०२३ मध्ये प्रत्यक्षात बंदी आली ती त्यातल्या मोजक्यांवर, आणि हे दोघं त्यांत नाहीत.

म्हणून ड्रमात पाईप कधीही बुडवू नका. पाण्याच्या वर हातभर लटकता ठेवा. त्याहून बरं म्हणजे साधं पाणी आधी भरून घ्या, ड्रम विहिरीपासून, नाल्यापासून दूर न्या आणि औषध तिथे मिसळा. रिकामी बाटली तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा. पंप धुतलेलं पाणी ज्या पिकावर औषध मारलं त्याच वावरात फिरवा. पाऊस दाटून आला असेल तर फवारू नका, सगळं नाल्याला मिळतं.

फवारायचं कधी, तर वारा हलका असताना आणि तो कपाशीकडून तुमच्याकडे येत असताना. पान नुसतं हललं पाहिजे, फांदी नाही. अजिबात वारा नसलेली पहाट चांगली असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही. तशा गार, थिजलेल्या हवेत बारीक तुषार जमिनीजवळ तरंगत राहतात आणि कुठेही सरकतात. मी उदबत्ती लावून बघतो. धूर वर न जाता आडवा पसरला तर पंप खाली ठेवतो. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल नको. नोझलवर प्लास्टिकची टोपी बसवा, दाब कमी ठेवा, नोझल गुडघ्याच्या खाली. पॉवर पंपाने तणनाशक मारणं हा तर वेडेपणा आहे. थेंबाचं धुकं होतं आणि धुकं कुणाचं ऐकत नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फवारताना बिडी-तंबाखू नाही, हे सगळं पाकिटावर छापलेलं आहे, वाचा.

आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. इस्टर रबरी नळीत, वायसरमध्ये मुरतं, नुसत्या पाण्याने जात नाही. धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवला तरी मला त्या पंपाचा भरवसा नाही.

झाल्यावर काय करायचं? पहिल्या दिवशीच फोटो काढा, बांधापासून आत प्रत्येक दहा ओळींवर एक. पुरावा वाढतो आणि झाकलाही जातो, कारण झाड पुढे नवी पानं काढतं. कृषी सहायक आणि तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या. आमच्याकडचा कृषी सहायक बिचारा तिसऱ्या दिवशी आला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तालुक्याची तक्रार निवारण समिती बियाणं, खत, औषध यांच्या दर्जाचं बघते. औषध अस्सल होतं, हीच तर अडचण! पीक विम्यातही हे बसलं नाही. विमा पावसाचा होता, शेजाऱ्याचा नाही.

झाडाचा पिळलेला शेंडा वीतभर खुडला, एक टक्का युरियाचं पाणी फवारलं, टॉनिकवर आणखी एक रुपया घातला नाही. वीस-बावीस दिवसांनी चांगली पानं आली. पण उशिरा धरलेल्या कैऱ्या गुलाबी बोंडअळीने गाठल्या. दोन एकरांत नऊ क्विंटल कमी आला. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ रुपये होता. गुणाकार मी बऱ्याचदा केलाय. आप्पाने एक रुपया दिला नाही. मका त्याचा छान पिकला.

आता पश्चिमेच्या बांधाला मी बाजरीच्या सहा ओळी लावतो. कोठीत दोन पंप टांगलेले असतात, एकावर लाल रंगाची जाड पट्टी मारलीय. गेल्या आठवड्यात आप्पाचा सालदार पंप मागायला आला. त्यांचा बिघडला म्हणे. मी विचारलं, कोणता देऊ, लाल पट्टीचा की बिनपट्टीचा?

"कोनता बी चाली," तो म्हणाला.