भिजलेल्या ट्रिमरची दुरुस्ती

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडच्या लोकांस पाण्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. कोयनेचें पाणी पोफळी येथें वीज निर्माण करतें. आणि सन २०१९ च्या ऑगस्टांत व सन २०२१ च्या जुलैंत याच नद्यांचें पाणी वस्त्यांत शिरलें, तेव्हां विजेच्याच वस्तूंची मोठी हानि झाली. पूर नसला तरी न्हाणीघरांत दाढीचा ट्रिमर बादलींत पडणें ही रोजची गोष्ट आहे. घरांत त्यावांचून चालतें. पण केशकर्तनालय चालविणाऱ्यास तें पोटाचें साधन होय. म्हणून अशा प्रसंगीं काय करावें, काय करूं नये, व तें कां, याचा येथें विचार करूं.

पाणी आंत जातांच यंत्र मेलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. शुद्ध पाण्यांतून वीज फारच थोडी वाहते. परंतु नळाच्या व नदीच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात व त्यांच्या योगें पाणी विजेचें वाहक बनतें. पाण्याचे घटक विजेनें वेगळे करण्यास किमान सुमारें १.२३ व्होल्ट दाब लागतो. आणि ट्रिमरमधील लिथियम-आयन घटाचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो! म्हणजे भिजलेल्या सर्किट बोर्डावर, आपण शाळेच्या प्रयोगशाळेंत करतों तोच विद्युद्विश्लेषणाचा प्रयोग आपोआप सुरू होतो. धन बाजूचें तांबें झिजतें व त्याचे हिरवट क्षार सांचतात. लोहाराचा मुलगा व पुस्तकबांधणीचा उमेदवार असलेल्या मायकेल फॅरडेनें सन १८३३-३४ च्या सुमारास सिद्ध केलें कीं, अशा क्रियेंत झिजणाऱ्या धातूचें प्रमाण वाहिलेल्या विजेच्या प्रमाणांत असतें. प्रवाह जितका वेळ चालेल, तितकी हानि अधिक. यावरून आपला नियम निघतो: वीज तोडण्याची घाई करावी, आणि ती पुनः जोडण्यास धीर धरावा. बहुतेक लोक नेमकें उलट करतात. ट्रिमर झटकून लगेच कळ दाबून पाहतात.

पहिली गोष्ट जिवाची. ट्रिमर चार्जरला जोडलेला असतां पाण्यांत पडला, तर पाण्यांत हात घालूं नये. कोरड्या हातानें भिंतीवरील बटण, अथवा घरचा मुख्य स्विच, आधीं बंद करावा. नंतर ट्रिमर बाहेर काढून तो चालू असल्यास बंद करावा, आणि एकदांही चालवून पाहूं नये.

दुसरी गोष्ट घट वेगळा करण्याची. कळ बंद असली तरी घट बोर्डाला जोडलेलाच असतो. वॉरंटीची मुदत असेल तर यंत्र न उघडतां कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांत न्यावें. नसेल तर पातें काढावें, स्क्रू सोडवावे व कोणता स्क्रू कोठला तें कागदावर लिहून ठेवावें. घट डाख देऊन जोडलेला असल्यास हें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें. दोन्ही तारा कात्रीनें एकदम कापल्या तर त्या कात्रींतूनच एकमेकींस जोडल्या जाऊन घट तापतो. मुलांनीं हें काम वडील माणसांवांचून कधींही करूं नये.

तिसरी गोष्ट धुण्याची. भिजलेलें यंत्र पुनः धुवावें, हें ऐकून नवल वाटेल. परंतु पाणी वाळलें तरी गाळ व क्षार मागें राहतात. घट वेगळा केल्यावर बोर्ड डिस्टिल्ड वॉटरनें, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात त्या पाण्यानें, धुवून मऊ ब्रशानें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावें. तें चटकन् पेट घेतें, म्हणून जवळ शेगडी वा उदबत्ती नसावी. हात धुण्याचें सॅनिटायझर येथें चालणार नाहीं. त्यांत पाणी व इतर द्रव्यें असतात. घट मात्र धुवूं नये, केवळ पुसावा.

चौथी गोष्ट वाळविण्याची. सर्व भाग सावलींत, पंख्याखालीं दोन दिवस ठेवावे. कडक ऊन किंवा गरम हवेचा झोत नको. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची चाल आहे, तिचा उपयोग थोडा. उलट पीठ मात्र फटींत शिरतें. पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या.

आतां निर्णयाची वेळ. घट फुगला असेल, पाझरत असेल किंवा त्यास उग्र वास येत असेल, तर दुरुस्ती तेथेंच थांबवावी. त्यांतील द्रव ज्वालाग्राही असतो. असा घट टोंचूं नये, विस्तवांत वा केरांत टाकूं नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रांत द्यावा. सर्व ठीक दिसल्यास रबरी कडें नीट बसवून यंत्र जोडावें, पात्यास तेलाचा थेंब द्यावा. पहिलें चार्जिंग दिवसा, फरशीवर, नजरेसमोर करावें. गादीवर किंवा रात्रीं झोपतांना करूं नये. यंत्र तापूं लागल्यास चार्जर ताबडतोब काढावा.

कांहीं ट्रिमरांवर आयपीएक्स-७ अशी खूण असते. एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास टिकण्याची कसोटी नव्या यंत्रानें उतरली, एवढाच तिचा अर्थ. रबर जुनें झालें कीं ती खात्री उरत नाहीं.

पालकांस एक विनंति. वस्तु बिघडतांच टाकून देऊं नका, आणि मुलगा ती उघडूं लागला तर रागावूंही नका, त्याच्याजवळ बसा. वस्तु कशी चालते हें शिकणें जितकें मोलाचें, तितकेंच कोठें हात आवरावा हें शिकणेंही मोलाचें आहे. भिजलेला ट्रिमर प्रत्येक वेळीं सुधारेलच असें नाहीं. पण घर व माणसें सुखरूप राहून तो टाकावा लागला, तरी त्यांत नुकसान थोडें व शिक्षण पुष्कळ आहे.