नागपूर करार आणि मोजणीचा प्रश्न

नागपूर करार हा शब्द आपण विद्यार्थी भाषणांत सढळ हाताने वापरतो. पण तो करार मुळातून वाचलेला विद्यार्थी मला वर्गात एकही भेटला नाही. मीही या वर्षापर्यंत वाचला नव्हता. अवघी अकरा कलमे आहेत. चहा निवण्यापूर्वी वाचून होतात.

करार २८ सप्टेंबर १९५३ चा. तेव्हा मराठी मुलूख तीन राज्यांत विभागलेला होता. पश्चिम महाराष्ट्र व कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात. नागपूर तर मध्य प्रदेशची राजधानी. एकत्र आल्यास तो मान जाणार हे उघड होते. मराठवाड्याची धास्ती वेगळी. निजामी राजवटीतून नुकताच सुटलेला हा भाग शिक्षण, रस्ते, पाणी सर्वच बाबतींत मागे. मोठ्या भावाच्या घरात आपल्या ताटात काय पडेल, ही शंका दोघांच्याही मनात होती. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, देवीसिंग चौहान आदी तिन्ही भागांतील पुढाऱ्यांनी ती शंका भावनेच्या भाषणांनी न झाकता कागदावर आणली, हे मला या कराराचे खरे मोल वाटते.

उच्च न्यायालयाचे एक पीठ विदर्भात असावे, वर्षातून विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन नागपुरास व्हावे, ही कलमे पाळली गेली. १९६० पासून पीठही आहे आणि अधिवेशनाची प्रथाही पडली. न्यायालय वा अधिवेशन डोळ्यांना दिसते; ते भरले नाही तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे ओरडतात. परंतु निधी लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरवावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, या कलमाचे तसे झाले नाही. आमच्याकडे भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा आधी मोजणीदार येतो, साखळी पडते, मग सह्या. येथे सह्या आधी झाल्या. विशेष लक्ष म्हणजे नेमके किती, ते कोण मोजणार, हे ठरलेच नाही.

मोजणी झाली ती तीस वर्षांनी. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची व प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडायचे, ही तिची साधी पद्धत. 'अनुशेष' हा शब्द घरोघरी गेला तो तेव्हापासून. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के.

उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे होते, आणि येथे मी थबकलो. ज्याला आपण सरसकट 'पुढारलेला' म्हणतो त्या भागातही कोकणासारखे मागे पडलेले जिल्हे होतेच. करारात कोकण वेगळा पक्ष नव्हता. त्याची बाजू घेऊन बैठकीस कोणी बसले नव्हते. तीन विभागांची रेघ पुढाऱ्यांनी ओढली. दारिद्र्याने काही ती रेघ पाळली नाही.

समितीवर टीकाही झाली. सरासरी कोणत्या वर्षाची घ्यावी, सिंचन कसे मोजावे, यांवर वाद झाले. त्यांत मी शिरत नाही. मात्र भांडणाला आकडा मिळाला, ही प्रगतीच म्हणावी लागेल.

संविधानाच्या कलम ३७१ (२) मध्ये १९५६ सालीच विकास मंडळांची तरतूद झाली होती. विधिमंडळाने १९८४ साली ठराव करून मंडळे मागितली. प्रत्यक्षात ती आली १९९४ साली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, पुन्हा तेच तीन विभाग. पुढे मुदतवाढ मिळत मिळत ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. विधानसभेपुढे दरवर्षी अहवाल ठेवण्याची अट मात्र कलम ३७१ (२) मध्येही आहे, जवळजवळ करारातल्याच शब्दांत.