चमत्कार पाहणारे डोळे

शंका : सुट्टीत नातवंडं आली होती. मोठ्या हौसेनं त्यांना ‘संत तुकाराम’ लावून दिला. शेवटी वैकुंठाचं विमान आलं तेव्हा दोघंही खो-खो हसली. ‘आजी, हे तर खेळण्यातलं आहे’ म्हणाली. मला फार लागलं ते. जुन्या चित्रपटांचे दिवस संपले असंच समजायचं का? – एक आजी, सोलापूर

समाधान : आजी, मुलं विमानाला हसली, चित्रपटाला नाही. विमानाविषयी त्यांचं म्हणणं खोटंही नाही. रोज संगणकावर घडवलेले राक्षस पाहणाऱ्या डोळ्यांना १९३६ सालचं ते गरुडविमान खेळण्यासारखं दिसणारच. पण ते खरं वाटावं ही जबाबदारी दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी विमानावर टाकलेलीच नव्हती. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पडदे आणि देखावे यांत त्यांची उभी हयात गेलेली. रंगवलेल्या वस्तूची ताकद किती आणि तिची हद्द कुठे संपते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी सगळा भार टाकला तुकारामाच्या बायकोवर, जिजाईवर.

गौरीबाईंनी उभी केलेली ती जिजाई आठवा. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा भजनात दंग. ती पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन थेट पांडुरंगावर धावते. तिच्या चालण्यात, ओरडण्यात नाटकीपणाचा लवलेश नाही. गावातली कुणीही त्रासलेली बाई अशीच बोलेल. पगनीसांचा तुकाराम देवाच्या इतका जवळ गेलेला आहे की त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायला कुणीतरी जमिनीवर पाय असलेलं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे ही बाई. दोन तास जिनं चमत्कारांपेक्षा चुलीची काळजी केली, तिच्या नजरेनं आपण ते विमान पाहतो. म्हणून मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात, मराठीचा गंध नसलेल्या लोकांनीही त्याचा गौरव केला.

पुढच्या खेपेला मुलांना विमानापासून नको, वहाणेपासून दाखवा. ‘ही बाई देवाला का मारायला निघाली?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

चमत्कार माणसाच्या नजरेतून दाखवावा लागतो, हे दादासाहेब फाळक्यांनाही उमगलेलं होतं. ‘कालिया मर्दन’ (१९१९) जेवढा शिल्लक आहे त्याची सुरुवात पाहा. त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी साध्या वेषात कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. म्हणजे ही आमची पोर आहे, हे आधीच सांगून टाकलं! पुढे पाण्याखाली कालियाशी झुंज चालू असते तेव्हा फाळके पुन्हा पुन्हा काठावरच्या घाबरलेल्या गोकुळवासीयांकडे वळतात. नाग कसला आहे हे दिसत असूनही जीव टांगणीला लागतो, तो त्या काठावरच्या माणसांमुळे.

शंका : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पहिल्या भागापासून पाहिली, पुस्तकंही वाचली. शेवटी डेनेरिस अख्खं शहर जाळते हे आजही पचत नाही. लेखकांनी आम्हाला फसवलं, असं तुम्हाला वाटत नाही का? – एक वाचक, पुणे

समाधान : फसवलं असं मी म्हणणार नाही. घाई केली, असं नक्की म्हणेन. त्या घाईनं मालिकेचं सर्वांत मोठं बळ वाया गेलं.

२०११ साली मालिका सुरू झाली तेव्हा पैसा बेताचा होता. पहिल्या सीझनमध्ये एक मोठी लढाई येते. टिरियन लढायला निघतो, त्याच्याच बाजूच्या माणसांच्या गर्दीत डोक्याला मार बसून आडवा होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. आपण लढाई पाहतच नाही. तरी तक्रार करावीशी वाटत नाही, कारण त्या माणसाची आपल्याला काळजी लागलेली असते. त्याच सीझनमध्ये नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो तेव्हा पुतळ्याजवळ उभ्या असलेल्या त्याच्या मुलीचे, आर्याचे, डोळे योरेन नावाचा माणूस झाकतो. तलवार पडते आणि आपल्याला दिसतात ते आभाळात उडालेले पक्षी.

मला या मालिकेचा कळस दुसऱ्या सीझनमधल्या ‘ब्लॅकवॉटर’ या भागात दिसतो. तो मूळ लेखक जॉर्ज मार्टिन यांनी स्वतः लिहिला आणि नील मार्शलनं दिग्दर्शित केला. रात्रीची वेळ. शत्रूच्या आरमारासमोर एकच जहाज येतं, त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्यातून हिरवट द्रव पाण्यात ठिबकतोय. आरमारातल्या डेव्हॉसच्या लक्षात येतं, पण वेळ निघून गेलेली असते. किनाऱ्यावरून एक पेटता बाण सुटतो आणि सगळी खाडी हिरव्या ज्वाळांनी फुटते. इथपर्यंतचं काम पैसा आणि कारागिरी असेल तर कुणीही करील. खरी लेखणी दिसते ती यापुढे. तटावर उभा असलेला पोरसवदा राजा जॉफ्री त्या आगीनं हरखून जातो. ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या टिरियनचा चेहरा मात्र पडलेला, आपण हे काय केलं असा. लहानपणी तोंड भाजलेला हाउंड, एरवी कुणाच्या बापाला न भिणारा, आग पाहून रण सोडतो. आग एकच, पण ती या तिघांच्या चेहऱ्यांवर तीन वेगळ्या गोष्टी लिहून जाते.

आता शेवटचा सीझन घ्या. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. सुरुवातीला राजाचा लवाजमा उत्तरेहून निघाला की वाटेत मुक्काम पडत, भांडणं होत, माणसं कळत. पुढे तीच माणसं एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाईतो अर्धं राज्य ओलांडू लागली. डेनेरिस क्रूर होऊ शकते याच्या खुणा मालिकेत आधीपासून होत्या. मिरीन शहरात तिनं दीडशेहून जास्त धनिकांना खांबांवर खिळलं तेव्हा आपण तिच्या बाजूनंच उभे होतो. म्हणजे मुक्काम चुकीचा नव्हता. त्या मुक्कामापर्यंत तिच्यासोबत चालायला आपल्याला वेळ दिला नाही.

त्याहून मोठी चूक मला ‘द बेल्स’ या भागाच्या मांडणीत दिसते. घंटा वाजतात, शहर शरण आलेलं असतं, ड्रॅगनवर बसलेल्या डेनेरिसचा चेहरा आपल्याला जवळून दिसतो, आणि ती झेपावते. त्यानंतर संपूर्ण संहारात तिचा चेहरा आपल्याला पुन्हा दिसत नाही. दिसतो तो वरून जाणारा ड्रॅगन. खालच्या गल्लीत आर्या आहे, तिच्यासोबत पळणारी एक आई आणि मुलगी आहे, आणि ते सगळं चित्रण अंगावर येणारं आहे. दिग्दर्शक मिगेल सापोचनिकनं मरणाऱ्यांची बाजू घेतली, याबद्दल मला त्याचा आदरच वाटतो. पण आठ सीझन आपण जिला माणूस म्हणून पाहिलं, तिला नेमक्या त्याच क्षणी नुसतं संकट करून टाकलं. आगीकडे पाहताना ती हरखली, रडली की दगड झाली? हे तिच्या डोळ्यांत दिसलं असतं तर तुम्हाला कदाचित पटलंही असतं. ‘पचत नाही’ म्हणता ते इथे अडलंय असं मला वाटतं.

शंका : याच मालिकेतला रात्रीच्या लढाईचा भाग आमच्या टीव्हीवर काळाकुट्ट दिसतो. दोष टीव्हीचा की चित्रणाचा? – एक वाचक, रत्नागिरी

समाधान : दोन्हींचा. ‘द लाँग नाइट’ हा भाग २०१९ च्या एप्रिलमध्ये दाखवला तेव्हा जगभर हीच ओरड झाली होती. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी अंधार जाणूनबुजून ठेवला होता, आणि प्रक्षेपणात चित्र दाबलं गेलं की काळ्या छटाच आधी मरतात. खोलीतले दिवे मालवा आणि टीव्हीचं चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर ठेवून पाहा, बराच फरक पडेल. निदान डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटलेल्या तलवारी दूर अंधारात एकेक करून विझतात ते दृश्य तरी चुकवू नका. तिथे मारणारे दिसतच नाहीत, मागे उभं असलेलं सैन्य नुसतं बघत राहतं. त्या एका दृश्यासाठी मी बाकीचा काळोख माफ करतो.

शंका : मी अ‍ॅनिमेशन शिकतो. आमच्या वर्गात ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) दाखवला. सांगाडे झटके देत हलतात, तरी सर म्हणाले हा मैलाचा दगड. मला काही ते पटलं नाही. – एक विद्यार्थी, नाशिक

समाधान : झटके आहेत, तुझी नजर बरोबर आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि रे हॅरीहाउझेन प्रत्येक फ्रेमसाठी बाहुल्या हातानं तसूभर हलवत असे. सात सांगाडे, तीन माणसं, पाच मिनिटांहून कमी लांबीचं दृश्य. त्याला साडेचार महिने लागले. पण तू तुझ्या अभ्यासासाठी एकदा सांगाड्यांकडे न पाहता नटांकडे पाहा. त्यांनी आधी माणसांसोबत तालीम केली, आणि प्रत्यक्ष चित्रणाच्या वेळी ते रिकाम्या हवेशी लढले. समोर काहीच नसताना त्यांची नजर नेमक्या त्या उंचीवर खिळते, तलवार नेमकी तिथे अडते. ती नजर बोटभर जरी चुकली असती तर हॅरीहाउझेनची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. आज हिरव्या पडद्यासमोर उभ्या राहणाऱ्या नटाची अडचण हीच आहे.

आणि त्याच चित्रपटातला टॅलॉस पाहा, तो ब्राँझचा राक्षस. हर्क्युलिस आणि हायलस चौथऱ्याच्या आतला खजिना पाहून बाहेर पडतात, करकर आवाज येतो आणि पुतळा हळूच मान वळवतो. इथे ताठरपणाच हवा होता, कारण तो धातूचा आहे. आपल्या तंत्राचं वैगुण्य ज्या पात्राच्या अंगाला शोभेल असं पात्र शोधणं, हे तुझ्या सरांनी तुला दाखवायला हवं होतं.

शंका : दहा वर्षांच्या मुलाला जुन्या अद्भुत चित्रपटांची गोडी लावायची आहे. कुठून सुरुवात करू? मोठ्या भावाचं पाहून तो ‘थ्रोन्स’साठी हट्ट धरून बसलाय. – एक आई, ठाणे

समाधान : ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) दाखवा. त्यातला लहानगा चोर साबू मूळचा म्हैसूरचा, माहुताचा मुलगा. युद्धामुळे चित्रण इंग्लंडमध्ये अर्ध्यावर सोडून अमेरिकेत पुरं करावं लागलं, तरी कुठे सांधा दिसत नाही, आणि ट्रिक सीनसकट तीन ऑस्कर त्याला मिळाली. समुद्रकिनाऱ्यावर साबू बाटली उघडतो, धूर आकाशाला भिडतो आणि रेक्स इंग्रमचा जिन त्याला चिरडायला पाय उचलतो. साबू घाबरतो, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोळ्यांत युक्ती चमकते. मुलाला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

त्यानंतर ‘जेसन’, आणि मराठीत ‘संत तुकाराम’. ‘थ्रोन्स’मधली हिंसा आणि शयनगृहातली दृश्यं दहा वर्षांच्या मुलासाठी नाहीतच. भाऊ पाहत असेल तेव्हा खोलीचं दार लावून घ्या, आणि का लावलं ते धाकट्याला सरळ सांगा.