व्हेंटिलेटर आणि न्युमोनिया : प्रतिबंध हाच उपाय

जबलपूर येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५५ साली झाली. मंडला, दिंडोरी यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील गंभीर रुग्णांचा ही शासकीय संस्था मोठा आधार आहे. मण्यारदंश, विषबाधा किंवा मेंदूला झालेली इजा यांमुळे श्वसन मंदावल्यास रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. यंत्रामुळे प्राण वाचतात. मात्र श्वासनलिकेत घातलेली नळी जंतुसंसर्गालाही वाट करून देते.

नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर उद्भवणाऱ्या न्युमोनियास ‘व्हेंटिलेटर-संलग्न न्युमोनिया’ म्हणतात. निरोगी अवस्थेत खोकला आणि श्वासमार्गातील सूक्ष्म केस जंतूंना अडवतात. नळीमुळे हे संरक्षण दुबळे होते. तोंडातील जंतुयुक्त स्राव नळीभोवतालच्या फुग्यावर साचतो व तेथून फुप्फुसात झिरपतो. असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला व स्यूडोमोनास हे यातील प्रमुख जीवाणू होत. त्यांपैकी अनेक प्रकार प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या यादीत कार्बापेनेम-प्रतिरोधी असिनेटोबॅक्टरला अतिगंभीर गटात ठेवले आहे. म्हणूनच उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर ठरतो.

प्रतिबंधाचे प्रमुख उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

१. शक्य तेथे नळीऐवजी मास्कद्वारे श्वसनसाहाय्य देणे.
२. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हातांची स्वच्छता राखणे.
३. वैद्यकीय अडचण नसल्यास खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे.
४. गुंगीचे औषध कमीत कमी वापरणे आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे रोज तपासणे.
५. दात घासून मुखस्वच्छता राखणे. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी क्लोरहेक्सिडिनऐवजी यावर भर दिला आहे.
६. फुग्यातील दाब योग्य राखणे व त्यावर साचलेला स्राव शोषून घेणे.

यांतील बहुतेक उपायांना महागडी सामग्री लागत नाही. लागते ती प्रशिक्षित परिचारिकेची अखंड दक्षता. २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी तरतूद झाली. परंतु यंत्रसंख्या वाढताना परिचारिकांची संख्या व प्रशिक्षण त्या प्रमाणात न वाढल्यास संसर्गाचा धोका वाढतो. दिंडोरीहून आलेल्या मजूर कुटुंबासाठी रुग्णालयातील वाढीव मुक्काम म्हणजे बुडालेली मजुरी व नवे कर्ज होय. त्यामुळे अतिदक्षता सेवेचे मूल्यमापन केवळ यंत्रांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांभोवतीच्या शुश्रूषेवरही व्हावयास हवे.