मुलांचे दात, सुईची भीती आणि गुंतवलेले मन

“ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील,” असे आपल्या घरांत सहज बोलले जाते. पुढे त्याच मुलाची दाढ किडते आणि ते दवाखान्याच्या खुर्चीवर बसायलाच तयार होत नाही. उपचार लांबतो, कीड नसेपर्यंत जाते. “दुधाचाच दात, पडणार आहे,” असेही म्हणू नये. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत लागतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे येणारी दाढ तर कायमची असते.

भीतीने वेदना वाढते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी याची उकल मांडली. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार असते. मन भ्यालेले असले की ते सताड उघडते. मन दुसरीकडे गुंतले की काहीसे लोटले जाते. म्हणूनच मन गुंतवणे ही नुसती समजूत नाही, उपचाराचाच भाग आहे.

पालकांनी एवढे करावे :

१. “काहीच दुखणार नाही,” असे खोटे सांगू नये. “थोडे टोचेल, मग दाढ बधिर होईल,” असे सांगावे. एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही.

२. लहानग्यांना गाणे किंवा गोष्ट ऐकवावी. मोठ्या मुलांना आवडीचे कार्टून स्वतः निवडू द्यावे. रडू सुरू होण्याआधीच हे सुरू करावे.

३. तोंड उघडे असताना बोलता येत नाही. म्हणून बोटांवर आकडे मोजायला किंवा एक पाय थोडा उचलून धरायला सांगावे. आनापानाची सवय असलेल्या मुलाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगता येईल.

४. “हात वर केलास की डॉक्टर थांबतील,” ही खूण डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावी.

५. उपचारानंतर ओठ-गाल काही वेळ बधिर राहतात. मूल ते चावणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

मात्र मन गुंतवणे हा भुलेला पर्याय नाही. सुईआधी हिरडीला बधिर करणारे मलम लावता येते, ते डॉक्टरांना विचारावे. गालावर सूज किंवा ताप असल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात, तेव्हा दातांचीही तपासणी होते. त्यांनी दिलेली चिठ्ठी घरात पडून राहू देऊ नये. सातारा जिल्ह्यात कराडजवळ मलकापूरला कृष्णा, तर सांगलीत भारती विद्यापीठ आणि कवलापूरला वसंतदादा पाटील ही दंत महाविद्यालये आहेत. तेथे मुलांच्या दातांचा विभाग कोणता, ते विचारावे.

मुलाला पहिल्यांदा न्यावे ते दात दुखत नसताना. नुसती खुर्ची, आरसा आणि दिवा पाहून ते हसत परतले, तर पुढच्या वेळी निम्मी भीती घरीच राहील.