जबड्याच्या हाडाचा जुनाट शोथ आणि जंतूंचा तपास

तंबाखू व गूळ यांपासून केलेला गुडाखू दातांना चोळण्याची चाल छत्तीसगडात फार आहे. तंबाखूच्या अशा सेवनाने मुखाचा कर्करोग होतो. नवा रायपुर येथे 2018 साली बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे रुग्णालय सुरू झाले. मुखाच्या कर्करोगावर जेथे जेथे किरणोपचार होतात, तेथे बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी थोड्यांना पुढे एक निराळीच व्याधी जडते. काढलेल्या दाताची जखम भरून येत नाही, हाड उघडे पडते आणि पू वाहू लागतो. पुवात जंतू सापडतात. पण हाड त्यांनीच मारले, की मेलेल्या हाडात ते मागाहून वस्तीला आले?

हा प्रश्न जबड्याच्या प्रत्येक जुनाट अस्थिमज्जाशोथाला लागू आहे. चार आठवड्यांहून अधिक टिकलेला शोथ जुनाट समजतात. किडलेल्या दाताच्या मुळातून जंतू हाडात शिरतात. पुवाच्या दाबाने रक्तवाहिन्या बंद पडतात आणि हाडाचा तुकडा मरतो. मृत हाडात रक्त नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. खालच्या जबड्याचे हाड घट्ट आणि त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीवर अवलंबून. म्हणून हा रोग तेथेच अधिक आढळतो.

तपासाची खरी अडचण अशी की, निरोगी मुखातही शेकडो जातींचे जंतू नांदत असतात. व्रणाच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरविला तर हाती लागतात ते बहुधा हेच रहिवासी. यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाच्या गाभ्यातून तुकडा घ्यावा लागतो, व शक्य तर प्रतिजैविके देण्यापूर्वी. त्याला हवा लागू देऊन चालत नाही, कारण अनेक अपराधी अवायुजीवी, म्हणजे हवेत तग न धरणारे असतात. पूर्वी या रोगाचे खापर मुख्यतः स्टॅफिलोकॉकसवर फोडले जाई. अवायुजीवींच्या संवर्धनाची रीत सुधारल्यावर एकाच वेळी अनेक जातींचे जंतू दिसू लागले.

ॲक्टिनोमायसिसची कथा बोधक आहे. गुरांच्या जबड्यातील गाठींत तो बोलिंगर यांनी 1877 साली वर्णिला. पुढल्याच वर्षी बर्लिनचे शल्यविशारद जेम्स इझ्राएल यांनी माणसांतील रोगाचे वर्णन केले. 1891 मध्ये वोल्फ व इझ्राएल यांनी माणसांतील जंतू हवेविना वाढविला. नंतर तो निरोगी मुखातही मिळाला! म्हणून आज केवळ संवर्धनावर विसंबत नाहीत. हाडाच्या छेदात जंतूंचे पिवळट कण व त्यांभोवतीचा शोथ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. संवर्धनपात्रही दोन आठवडे राखून ठेवावे लागते. उतावळेपणाने टाकून दिले तर जंतू निसटतो. निदान ठरल्यास पेनिसिलीन कित्येक महिने द्यावे लागते, तेव्हा चुकीची किंमत रुग्णच मोजतो.

किरणांनी मेलेल्या हाडाविषयी रॉबर्ट मार्क्स यांनी 1983 साली मत मांडले की, तेथे मूळ कारण रक्त, पेशी व प्राणवायू यांची उणीव होय. जंतू केवळ पृष्ठभागावरचे पाहुणे. पुढे अशा हाडांच्या गाभ्यातील डीएनए तपासता तेथेही नाना जातींचे जंतू आढळले, आणि वाद पुन्हा उघडला. दंतवैद्य मात्र त्याच्या निकालासाठी थांबलेले नाहीत. वाचण्याजोगे नसलेले दात ते किरणोपचारापूर्वी, साधारणतः दोन-तीन आठवडे आधी, काढून टाकतात. हाडाला रक्त मिळत असतानाच जखम भरून यावी म्हणून.