बेडकीची अंडी सांगतात पाण्याचे गुण

पाऊस पडला की डबक्यात साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत गोळा दिसतो ना? ती बेडकीची अंडी. त्यांना कोंबडीच्या अंड्यासारखे टरफल नसते. म्हणून पाण्यात मिसळलेले औषध आतल्या गर्भापर्यंत सहज पोचते.

१९८३ साली अमेरिकेत जेम्स ड्यूमाँट व सहकाऱ्यांनी यावरून एक चाचणी मांडली. तिच्यासाठी आफ्रिकेतला नखवाला बेडूक घेतात, कारण त्याची अंडी बारा महिने मिळवता येतात. काचेच्या बशांत गर्भ ठेवायचे. काही बशांत नुसते स्वच्छ पाणी, बाकीच्यांत रसायन कमीजास्त. ९६ तास, म्हणजे चार दिवस, थांबायचे. मग मेलेले किती, वेडेवाकडे किती, लांबी किती वाढली, सगळे मोजायचे. स्वच्छ पाण्यातलेच पुष्कळ मेले तर चाचणी रद्द!

गंमत पुढेच आहे. काही रसायने थोडी असली तर बेडूकमासा मरत नाही, पण त्याची शेपटी वाकते, डोळे नीट होत नाहीत, अंग फुगते. नुसते मेलेले मोजले असते तर ते पाणी पास झाले असते!

आमचे आप्पा फवारणीचा पंप ओढ्यावर धुतात. मी विचारलं तर म्हणाले, "मासे कुठं मरत्यात?"

शनिवारी त्यांना हा कागद वाचायला शाळेत बोलावलंय.